छंद : वाचन

१४ सप्टेंबर

संपलं एकदाचं! तीन आठवडे लागले. इंग्रजी कादंबरी, तीही मोबाईलवर, एका बोटानं शब्दांचे अर्थ शोधत. आणि शेवटी काय — ती सतरा वर्षांची मुलगी गाडी घेऊन एकटी समुद्रावर जाते, रडते, आणि तिला कळतं की आपण स्वतःवर प्रेम केलं पाहिजे. झालं! एवढ्यासाठी डोळ्यांची वाट लावून घेतली.

माझं मत इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगू? ह्या 'तरुण वाचकांसाठी'च्या सगळ्या कादंबऱ्या एका कडीवर उभ्या आहेत. खोलीच्या कडीवर. मुलगी चिडली की आपल्या खोलीत जाते, कडी लावते आणि मग दोन-दोन प्रकरणं मनातलं बोलत बसते. आई बाहेरून दार वाजवते, "आत येऊ का?" म्हणते. आईच विचारते! आमच्याकडे कडी फक्त न्हाणीला आहे. तिथं दोन मिनिटं जास्त झाली की आई ओरडते, "मेलीस का जिती हायेस?" असल्या घरात माणसानं दुःख करायचं कुठं? मी दुकानात करते. झेरॉक्स मशीन चालू असलं की तोंड त्याच्याकडे करून उभी राहते. उजेडानं डोळे लाल झाले असं सांगता येतं.

उद्या रोहिणी दुकानात येईल तेव्हा तिला ही गोष्ट सांगायची. ती नक्की विचारेल, गाडीत पेट्रोल कोणी टाकलं ते लिहिलंय का?

१५ सप्टेंबर

ती 'डिझेल' म्हणाली. बाकी शब्द न शब्द तेच!

२० सप्टेंबर

काकांच्या दुकानात — रामहरी मल्टिसर्व्हिसेस, शिरूर कासार — सगळ्यात जास्त काय छापलं जातं? उत्पन्नाचा दाखला नाही. पीकविमा नाही. बायोडाटा. लग्नाचा.

ह्या तालुक्यात लिहिली जाणारी प्रेमकथा ती एवढीच, एक पानी. वर गणपती, उजवीकडे फोटो. नायकाची उंची, रक्तगट, नाडी, गण, मामाचं गाव. नायिका असेल तर 'रंग : गोरा'. मी आजवर एकही सावळी छापलेली नाही. गैरसमज नाहीत, रुसवे नाहीत, कोणी कोणाच्या मागं स्टेशनवर पळत नाही. दहा मिनिटांत छापून लॅमिनेशनसकट हातात.

साचा मीच बनवला, दोन वर्षांपूर्वी. नाव-गाव-जन्मवेळ बदलायची, बाकी तसंच ठेवायचं. खाली 'छंद : वाचन' हे कायमचं. कोणी बदलायला सांगत नाही. मी एकदा काढून टाकलं होतं तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, भरल्यासारखं दिसतंय." म्हणून आमच्याकडे लग्नाला उभे असलेले सगळेच्या सगळे वाचतात. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली मात्र कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नाही. मी दोनदा विचारून आले.

२५ सप्टेंबर

आमच्या जपानी चित्रकथेचा, मंगाचा, एकसष्टावा भाग आला!

महिनाभर वाट पाहिली. आणि घडलं काय, तर लांब्यानं बॉबकटची छत्री परत दिली. बस्स. छत्री तिनं पंचावन्नाव्या भागात दिलेली.

लांब्या आणि बॉबकट ही रोहिणीनं ठेवलेली नावं. जपानी नावं तिच्या जिभेवर बसत नाहीत. बॉबकट शाळेच्या लाउडस्पीकरवर सूचना वाचते. लांब्या तिला चिठ्ठ्या लिहून देतो, स्वतः एक अक्षर बोलत नाही. त्याच्या तोंडाशेजारचा बोलण्याचा फुगा कायम रिकामा, आत तीन टिंबं. एकसष्ट भाग टिंबं!

प्रेमाच्या सगळ्याच मंगांना हा रोग आहे. एक वाक्य. नुसतं एक वाक्य नायिका वेळेवर बोलली तर तिसऱ्या भागात सगळं मिटेल. पण नाही. तोंड उघडते तेवढ्यात रेल्वे जाते, नाहीतर फटाके उडतात, नाहीतर कोणीतरी हाक मारतं. मी असते तर बोलून मोकळी झाले असते. रोहिणीला हे म्हटलं तर म्हणाली, "तू गप, तुळजे. काकापुढं पाणी मागताना तुजी जीभ चिकटतीया, अन् म्हणं बोलले असते!"

आणखी एक. एकसष्ट भागांत कोणी कोणाचं आडनाव विचारलेलं नाही. म्हणजे हाक आडनावानंच मारतात, पण ते ऐकून कोणी गप्प होत नाही, 'आपल्यातलाच का' म्हणत नाही. लोक उडणाऱ्या राक्षसांच्या गोष्टींना अद्भुत म्हणतात. मला तर हेच अद्भुत वाटतं.

चार वर्षांपूर्वी, बारावीत, आम्ही ह्या मालिकेचा पहिला भाग छापला. मी नेहमीसारखी डावीकडून स्पायरल मारली. जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं हे शिरूरमध्ये कोण सांगणार? आम्ही दोघींनी आख्खा भाग उलटा वाचला. आमच्या वाचनात ती दोघं आधी एका बाकावर बसून डबा खात होती, मग हळूहळू लांब झाली, आणि शेवटी शाळेच्या फाटकात एकमेकांना ओळखेनाशी झाली. रोहिणी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी मला चूक कळली. मग तिच्या प्रतीवर मी पेन्सिलनं एकेका चौकटीवर आकडे घातले — १, २, ३ — कुठून कुठं जायचं ते. चार भाग तसे केले. पाचव्याला ती म्हणाली, "आता नगं. माजं डोळं वळलं."

तेव्हापासून तसंच चाललंय. मी छापते, इंग्रजी फुग्यांवर व्हाइटनर मारते, वर मराठी लिहिते. आपली मराठी. लांब्याची आई त्याला म्हणते, "जेवून तरी जा की रं." रोहिणी काउंटरच्या मागं स्टुलावर बसून वाचते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत असते. मला तो भाग आवडला की नाही हे मला तिच्या तोंडावरून कळतं.

मात्र खरं सांगायचं तर आम्ही उलटं वाचलं तीच गोष्ट मला अजून खरी वाटते.

३० सप्टेंबर

बंकट मुकादम आला होता. दरवर्षी ऊसतोडीला टोळी घेऊन जातो तो. रोहिणीचे आई-वडील त्याच्याच टोळीत. म्हणाला, यंदा एक कोयता कमी पडतोय. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता धरतात. आमच्याकडे लग्नाआधी माणूस अर्धा असतो हे कोणी कवितेत सांगत नाही, मुकादम सांगतो.

"केजकडला पोरगा हाय एक. चांगला हाय. कागद छाप त्याचा," म्हणाला आणि चिठ्ठी टाकली. सोमेश्वर. नववी पास. फोटोत शर्टाचं वरचं बटण लावलेलं, गळा आवळल्यासारखा चेहरा. चिठ्ठीत छंदाचं काही नव्हतं. साच्यातलं होतं ते तसंच गेलं. तीन मिनिटांचं काम.

३ ऑक्टोबर

घट बसले आज. दुपारी रोहिणी आली. ओढणीत एक कागद, चार घड्या घातलेला. उघडला — माझीच छपाई. माझाच गणपती. वरचं बटण लावलेला तो.

आधीची दोन स्थळं तिनं कशीबशी टोलवली होती. ती तोंडी आलेली, कागद-बिगद काही नव्हता. हा पहिलाच कागद. तिनं बोट ठेवलं ते थेट खालच्या ओळीवर.

"तुळजे, हे बघ ना. छंद, वाचन! नववी पास हाय, पर वाचतो म्हणं. खरंच वाचत आसंल का गं?"

काका समोर बसलेले. बाकावर दोन गिऱ्हाइकं, त्यातला एकजण बायोडाट्यासाठीच आलेला. मी म्हणाले, "लिहिलंय तर असेल."

हे मी म्हणाले. मी! साचा खोटा आहे हे काकांसमोर कसं बोलायचं, हे एक कारण. पण खरं कारण तिचा चेहरा. त्या कागदाकडे ती नव्या भागाकडे बघते तशी बघत होती. दुकानात सगळ्यांसमोर मला तो उतरवता आला नाही.

उद्या सांगते. उद्या नक्की.

४ ऑक्टोबर

आली नाही.

६ ऑक्टोबर

पाहुणे येऊन गेले. रोहिणी सांगायला आली होती, पायात चपलेचा पत्ता नाही, पळतच आलेली.

तिच्या वडलांनी त्याला विचारलं म्हणे, "काय काय वाचता?" तर तो म्हणाला, "यष्टीच्या पाट्या." सगळे हसले. रोहिणी आत चहा गाळत होती, तीही हसली. "गमत्या हाय गं!" मला सांगताना पुन्हा हसली.

तो गंमत करत नव्हता. त्या बैठकीत खरं बोलणारा तो एकटाच होता आणि सगळ्यांनी त्याला हसण्यावारी नेलं. मी म्हणाले, "रोहिणे, ऐक, त्या कागदात —" तेवढ्यात आतून काकांची हाक. "सर्व्हर चालू झाला बघ! लवकर ये, माणसं खोळंबलीत!" सकाळपासून बंद पडलेला सर्व्हर. मी आत गेले. बाहेर येईपर्यंत ती गेलेली.

बॉबकटला चार वर्षं शिव्या घातल्या. आता कोणत्या तोंडानं घालू?

९ ऑक्टोबर

तिच्या घरी गेले. सुंदरबाई, तिची आई, गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं आलीस. सतरा तारीख धरलीया. तुळशीचं लगीन व्हायचं हाय आजून, पर टॅक्टर काय आपल्यासाठी थांबतो व्हय?" रोहिणी पलीकडच्या गल्लीत ब्लाऊज शिवायला टाकायला गेलेली. मी थोडे गहू निवडले आणि परत आले.

तिथं सुंदरबाईंना सांगता आलं असतं. पण काय सांगणार होते? की पोरगा वाचत नाही, म्हणून लग्न मोडा? गल्ली हसली असती. आणि सुंदरबाईंनी शांतपणे विचारलं असतं, तुझ्या काकाचं दुकान खोटे कागद छापतं का म्हणून.

तरी रोहिणीला सांगायलाच हवं होतं. तिनं हसून सोडून दिलं असतं, नाहीतर रडली असती, तिचं तिनं ठरवलं असतं.

१७ ऑक्टोबर

लागलं लग्न. कागद छापल्यापासून सतरा दिवस. अक्षता मीही टाकल्या.

२८ ऑक्टोबर

एकसष्टाव्या भागाचे फुगे लिहायला बसले. व्हाइटनर सुकला होता. नवा आणला.

वाचणारीचं तोंड समोर नसलं की लिहायला मजा येत नाही. छत्रीच्या पानावर लांब्याची टिंबं आहेत तशीच सोडली.

५ नोव्हेंबर

गेली.

ट्रॉलीत भांडी, सरपण, दोन शेळ्या, माणसं. रोहिणी मागच्या कडेला बसलेली, हिरव्या बांगड्या अजून कोपरापर्यंत. मी तिला भाग दिला. तिनं हात धरून ठेवला. म्हणाली, "पुढला धाडशील ना? बंकटमामासंगं धाड. मी वाचून झालं की खाली बरोबरची खूण करीन अन् माघारी देईन. म्हंजी तुला कळंल." स्वतःचा फोन नाही तिच्याकडे. होता तो आईला दिला.

सोमेश्वरनं तिच्या हातातून भाग घेतला. उघडला, चुकीच्या बाजूनं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि पत्र्याच्या पेटीत टाकून दिला. छंद, वाचन!

तेव्हा तरी ओरडून सांगायचं होतं. ट्रॅक्टर चालू झाल्यावर कोणाला काय ऐकू येणार?

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. मांडवाला आईनं पाच ऊस आणले. मला त्यांच्याकडे बघवेना.

२१ नोव्हेंबर

एक नवीन मंगा सुरू केला, सोडून दिला. नायिका 'दिसायला अगदी साधी' आणि डोळे पुरीएवढे. वर्गातला सगळ्यात देखणा मुलगा तिच्यावरच का भाळतो, तर ती दयाळू आहे म्हणून. दयाळू म्हणजे काय, तर तिनं मांजराला दूध घातलं! आमच्या गल्लीत सगळ्याच बायका मांजराला दूध घालतात.

खरं तर मंगा वाईट नसावा. रोहिणी असती तर मांजराचं नाव ठेवलं असतं आणि आम्ही वीस भाग वाचले असते.

८ डिसेंबर

बंकट आलाय, दोन दिवसांसाठी. मी पळतच गेले. भाग परत आला नाही.

"वाचला का तिनं?" विचारलं तर म्हणाला, "वाचायला? पोरी, पहाटं तीनला उठत्यात त्या. दिसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घिऊन गाडीत चढायचं. हात बघ जा तिचं, असं सुजल्यात. वाचती म्हणं!" मग जाता जाता म्हणाला, "तुजा कागद बघितला व्हता मी. चुलीपशी व्हता."

चुलीपाशी.

बरोबरच आहे. कागद चांगला पेटतो, दुकानातला जाड कागद. मी तिच्यावर रागावलेली नाही. स्वतःवर आहे. स्टुलावर बसून फुगे वाचणारी मुलगी मी एका ओळीनं तिथं पाठवली. त्या ओळीला हो म्हणाली ती, बटण लावलेल्या फोटोला नाही. आणि ती ओळ मी पुसायला विसरलेली.

९ डिसेंबर

बासष्टावा भाग ह्या वेळी उशिरा, आठवड्यापूर्वी आलाय. शाळेच्या रिकाम्या स्टुडिओत बॉबकट माईकसमोर बसलेली. काचेपलीकडे लांब्या. ती सगळं बोलून टाकते, आख्खं पान भरून, आणि मग दिसतं की माईक बंद होता. पुढच्याच चौकटीत लांब्याचा फुगा. टिंबं.

सगळा भाग नीट मराठीत लिहिला. शेवटच्या पानावर मात्र बॉबकटचं बोलणं पुसून माझं लिहिलं. मावेना म्हणून अक्षर बारीक केलं —

"रोहिणे, छंद त्यानं सांगितला नव्हता. तो साच्यातला होता, मी सगळ्यांनाच टाकते. तो वाचत नाही. मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. मला माफ करू नको वाटलं तर, पण पुढचे भाग घे."

लांब्याच्या फुग्यातली टिंबंही व्हाइटनरनं पुसली. त्याला बिचाऱ्याला माझ्या भानगडीत कशाला ओढू?

भीती वाटली, दुसऱ्या कोणाच्या हाती लागलं तर? पण ऊसतोडीच्या त्या खोपीत वाचणारं दुसरं आहे कोण? तेच तर लिहिलंय.

१० डिसेंबर

बंकटकडे दिला. त्यानं डॅशबोर्डवर टाकला, डिझेलच्या डब्याशेजारी.

१४ जानेवारी

संक्रांत. बंकट काल येऊन आज परतही गेला. भाग नाही, निरोप नाही. "खोपी हालवल्या दुसऱ्या गावाला. पेटी कुठं, काय कुठं!"

आणि हे कमी होतं म्हणून की काय, मालिका थांबली. चित्रं काढणारीची तब्येत बरी नाही, पुढचा भाग कधी येईल ते सांगता येत नाही. अॅपवर खाली जगभरातल्या वाचकांची रडारड. मीही लिहायला घेतलं होतं, खोडलं. इतकी वर्षं वाकून चौकटी काढायच्या म्हणजे तिचे हात तरी कसे असतील? आराम कर बाई. आमच्याकडेही आता वाचणारं कोणी उरलेलं नाही.

२ फेब्रुवारी

मरणाऱ्या मुलीची कादंबरी वाचली. ह्या कादंबऱ्यांत मुलगी हळूहळू मरते, तिला दवाखान्यात एकटीची खोली असते, खिडकीतून झाड दिसतं, आणि तिचा तो शेवटपर्यंत उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवतो. सगळ्यांत तेच, वाचून दाखवणं. मरण खरं वाटलं. झाडही वाटलं. वाचून दाखवणारा काही केल्या वाटेना. असा पुरुष मी पाहिलेला नाही. वडील पेपर वाचायचे ते मनातल्या मनात, आणि आईनं काही विचारलं की पेपर वर धरायचे.

११ फेब्रुवारी

मोबाईलवरचं मंगाचं अॅप काढून टाकलं.

३ मार्च

काकांनी माझा बायोडाटा छापला. मी नको म्हणाले होते. दुपारी डबा खाऊन आले तर टेबलावर पडलेला, गणपतीसकट. 'रंग : गोरा'. आईनं दिलेला फोटो, दहावीतला.

सगळ्यात खाली 'छंद : वाचन'. साच्यातलंच. आख्ख्या तालुक्यात ही ओळ ज्या एका पानावर खरी आहे ते पान हे, आणि वाचणारा म्हणेल, सगळेच लिहितात असं. मीच लिहायला लावलंय सगळ्यांना. दुसरा कोणी जबाबदार नाही.

काका म्हणाले, "नीट हाय का बघून घे."

मी म्हणाले, नीट आहे.

१९ मार्च

पट्टा पडला कारखान्याचा, गाळप संपलं. टोळ्या माघारी येतायत. तीन दिवस झाले, रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की मी दारात.

२४ मार्च

बंकटची टोळी आली. रोहिणी नाही. केजलाच उतरली, सासरी. पाडव्यालाही येणार नाही म्हणे. घर सारवायचं आहे, सासूचे गुडघे धरलेत.

म्हणजे तिनं ते पान वाचलं. किंवा वाचलं नाही आणि चुलीत गेलं. दोन्हीत माझ्याकडे यायला तिला काही कारण नाही. चार वर्षांचे भाग कपाटात आहेत. खालच्या कप्प्यात टाकले, शाईच्या रिकाम्या डब्यांमागं. आम्ही पहिल्यांदा वाचलं तसंच झालं शेवटी. आधी एका बाकावर, मग फाटकात अनोळखी.

२७ मार्च

सुंदरबाई दुकानात आल्या, रेशनकार्डाचं बघायला. जाताना पिशवीतून दोन भाग काढून काउंटरवर ठेवले. "हे तुजं कार्टून. रोहिणीनं दिलंय. चुलीपशी बसून निसतं हेच चालायचं त्यांचं. ती भाकरी थापायची अन् जावई घडीघडी इचारायचा, आता कुठं बघू?"

एकसष्टावा भाग. काजळी, पिठाची बोटं. प्रत्येक चौकटीवर पेन्सिलनं आकडे, १, २, ३. रोहिणीचं अक्षर. शेवटच्या पानाखाली बरोबरच्या दोन खुणा, एक तिची, एक वाकडी.

बासष्टाव्यात आकडे पहिल्या सात पानांपर्यंतच. शेवटच्या पानावर माझं ते बारीक अक्षर जसंच्या तसं. पुढच्या चौकटीत लांब्याचा पुसलेला फुगा. त्यात बॉलपेननं, रोहिणीच्या नसलेल्या अक्षरात, ओळ खाली घसरत गेलेली —

"आता वाचतो. पुढला भाग कवा हाय?"